अपघाताची भरपाई आणि वकिलाचे काम : सभासदांनी जाणून घ्यावे असे काही



गळीत हंगाम जवळ आला की आपण लागणीच्या नोंदी तपासतो, तोडणी कार्यक्रम पाहतो, टोळ्यांचे आणि वाहनांचे करार करतो. बैलांना नाल मारतो, ट्रॉलीचे टायर बदलतो. पण हंगामात अपघात झाला तर काय करायचे, याची तयारी बहुतेक कोणी करत नाही. अपघात झाला की धावपळ होते, दवाखान्यात पैसा जातो, चार शहाणी माणसे मध्ये पडतात आणि "मिटवून टाका" म्हणून थोडीफार रक्कम हातावर ठेवून कागदावर अंगठा घेतला जातो. कायद्याने मिळणारी रक्कम त्यापेक्षा कितीतरी मोठी होती, हे घरच्यांना मागाहून कळते.

मी वकील नाही, ऊस विकासाचे काम करणारा माणूस आहे. पण गटागटांतून फिरताना खताच्या मात्रेबरोबर हाही प्रश्न लोक विचारतात. म्हणून या अंकात बेणे-खताचा विषय बाजूला ठेवून कामगार नुकसानभरपाईची माहिती देत आहे. हा विषय आपल्याला तिन्ही बाजूंनी लागू आहे, हे आधी ध्यानात घ्यावे. आपण ट्रॅक्टर ठेवतो, गडी ठेवतो, म्हणजे आपण मालक. आपली मुले, भाऊ कारखान्यात कामाला आहेत, म्हणजे आपण कामगारही. आणि कारखाना सभासदांचा, म्हणून कारखान्यावर पडणारा बोजाही शेवटी आपलाच.

१. कायदा कशासाठी आला

जुन्या काळी कामगाराचा हात यंत्रात गेला तर मालकाची चूक होती हे कामगारानेच सिद्ध करावे लागे. हात गमावलेला गरीब माणूस ते कुठून सिद्ध करणार? जर्मनीने १८८४ साली आणि इंग्लंडने १८९७ साली ही रीत बदलली. आपल्याकडे १९२३ साली कामगार नुकसानभरपाई कायदा झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. त्याचे तत्त्व सोपे आहे. चूक कोणाची, हा प्रश्नच विचारायचा नाही. धंद्याचा नफा ज्याचा, धंद्यातल्या जोखमीचा भारही त्याचा.

हा कायदा शंभर वर्षे चालला. पुढे तो सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये सामावून घेण्यात आला आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून संहिता अमलात आली. पूर्वी ज्यांना 'आयुक्त' म्हणत त्यांना संहितेत 'सक्षम प्राधिकारी' म्हटले आहे. मूळ तत्त्वे तीच आहेत. संहितेच्या आधी झालेल्या अपघातांचे दावे जुन्या कायद्याच्या हिशेबाने चालतात, म्हणून खाली जुन्या कायद्यातले आकडे दिले आहेत. नव्या अपघातासाठी चालू आकडा वकिलांकडून तपासून घ्यावा.

२. 'कामामुळे आणि काम चालू असताना'

भरपाई मिळण्यासाठी इजा कामामुळे आणि काम चालू असताना झालेली असली पाहिजे. वकिलाची निम्मी मेहनत या एका ओळीवर खर्च होते. गव्हाणीत पाय अडकला, ट्रॉली भरताना मोळी अंगावर पडली, मोटर दुरुस्त करताना झटका बसला, इथे फारसा वाद नाही. पण घरून कामावर येताना रस्त्यात अपघात झाला तर?

या प्रश्नावरचा अलीकडचा मोठा निकाल साखर कारखान्याच्याच एका माणसाचा आहे. मराठवाड्यातील एका साखर कारखान्यातील रखवालदार २२ एप्रिल २००३ रोजी मोटारसायकलवरून ड्युटीला निघाला होता. त्याची पाळी पहाटे ३ ते ११. कारखाना सुमारे ५ किलोमीटर राहिला असताना अपघात होऊन तो मरण पावला. मागे पत्नी, चार मुले आणि आई. उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिवच्या आयुक्तांनी २००९ साली ३,२६,१४० रुपये आणि १२ टक्के व्याज मंजूर केले. अपघात कारखान्याच्या आवारात झाला नाही, या मुद्द्यावर उच्च न्यायालयाने २०११ साली तो निकाल फिरवला. शेवटी २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुटुंबाच्या बाजूने निर्णय देऊन आयुक्तांचा निकाल कायम केला. घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, वेळ, जागा आणि परिस्थिती यांचा कामाशी संबंध दिसत असेल तर, कामातलाच अपघात धरता येतो असे न्यायालयाने सांगितले. नव्या संहितेत ही तरतूद आता लिहूनच टाकली आहे.

यातून दोन धडे घ्यावेत. एक, रस्त्यात झाला म्हणून दावा सोडून देऊ नये. दुसरा, पाळी किती वाजताची होती आणि माणूस घरून किती वाजता निघाला, याचा पुरावा हाताशी हवा. पहाटे ३ ची पाळी होती, म्हणून त्या वेळी त्या रस्त्यावर त्याचे असणे कामासाठीच होते हे पटवता आले. तरी त्या घराला न्यायासाठी २२ वर्षे वाट पाहावी लागली, हेही विसरू नये.

३. मालक कोण?

आपल्याकडे खरी गुंतागुंत इथे आहे. टोळीला मुकादमाने आणलेले, मुकादमाला उचल वाहतूकदाराने दिलेली, वाहतूकदाराचा करार कारखान्याशी, आणि ऊस शेतकऱ्याचा. अपघात झाला की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो.

कायद्याने यावर तोड काढली आहे. एखाद्याने आपल्या धंद्याचा नेहमीचा भाग असलेले काम ठेकेदारामार्फत करून घेतले, तर ठेकेदाराच्या माणसाला भरपाई देण्याची जबाबदारी मुख्य मालकावरही येते. मुख्य मालकाने आधी पैसे भरावेत आणि मग ठेकेदाराकडून वसूल करावेत, अशी रचना आहे. मात्र अपघात मुख्य मालकाने जिथे काम चालवले त्या जागेत किंवा त्याच्या ताब्यातल्या जागेत अथवा लगत झालेला असावा, अशी अट आहे. शेतातल्या आणि रस्त्यावरच्या अपघातात वाद नेमका याच अटीवर होतो. म्हणून जाणता वकील एकावर भरवसा न ठेवता मुकादम, वाहतूकदार, कारखाना आणि विमा कंपनी या सर्वांना दाव्यात सामील करतो. जबाबदार कोण, ते पुराव्यावरून ठरते.

शेतकऱ्यांनी आपल्यापुरते एवढे लक्षात ठेवावे. शेतीची सगळी कामे कायद्याच्या यादीत नाहीत. पण ट्रॅक्टर किंवा विजेवर चालणाऱ्या यंत्राने केलेली शेती, कीटकनाशकांची फवारणी-धुरळणी, यंत्राने कापणी-मळणी, वाहनात माल भरणे-उतरवणे ही कामे यादीत आहेत. औषध फवारताना गड्याला विषबाधा झाली तर "तो रोजंदारीचा होता, कायमचा नव्हता" हे उत्तर आता चालत नाही.

४. भरपाईचा हिशेब

हा हिशेब कोणाच्या मर्जीवर नाही. महिन्याचे वेतन, वय आणि इजेचा प्रकार या तीन गोष्टींवर ठरतो. प्रत्येक वयाला एक गुणक आहे. वय वाढेल तसा तो कमी होतो, कारण कमावण्याची वर्षे कमी उरतात. ३० व्या वर्षी तो २०७.९८ आहे, ४० व्या वर्षी १८४.१७ आणि ५० व्या वर्षी १५३.०९.

मृत्यू झाल्यास : निम्मे वेतन गुणिले गुणक. समजा ३० वर्षांचा माणूस, महिना १२,००० रुपये. ६,००० × २०७.९८ = १२,४७,८८० रुपये.

पूर्ण व कायम अपंगत्व आल्यास : ६० टक्के वेतन गुणिले गुणक. त्याच माणसाला ७,२०० × २०७.९८ = १४,९७,४५६ रुपये.

अंशतः कायम अपंगत्व आल्यास : वरच्या रकमेचा काही टक्के भाग. एका हाताचा अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, चारही बोटे गेली तर ५० टक्के, दुसरा डोळा शाबूत असताना एक डोळा गेला तर ४० टक्के, असा तक्ता कायद्यातच आहे. वरच्या माणसाचा अंगठा गेला तर सुमारे ४,४९,००० रुपये होतात.

काही काळ काम बंद राहिल्यास : दर पंधरवड्याला महिन्याच्या वेतनाच्या २५ टक्के. १२,००० वेतनाला ३,००० रुपये, जास्तीत जास्त पाच वर्षे.

याशिवाय दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो. ही तरतूद २००९ च्या दुरुस्तीने आली. जुन्या कायद्यात ३ जानेवारी २०२० पासून हिशेबासाठी वेतन जास्तीत जास्त १५,००० रुपये धरले जात असे.

तक्त्यातले टक्के हे अखेरचे उत्तर नसते, हेही समजून घ्यावे. १९७५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे एका सुताराचा दावा आला होता. त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला होता. एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमावण्याची शक्ती शंभर टक्के गेली असे आयुक्तांनी ठरवले होते, आणि न्यायालयाने ते मान्य केले. डॉक्टरच्या दाखल्यावर शरीराचा किती भाग गेला ते लिहिलेले असते. त्या माणसाचे काम किती गेले, हा प्रश्न वेगळा. पायाचा घोटा मोडून ताठर झाला तर दुकानात बसणाऱ्याचे काम चालते, पण डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रॉलीत चढणाऱ्याचे चालत नाही. हे डॉक्टरच्या साक्षीतून काढून घेणे, हे चांगल्या वकिलाचे खरे कसब.

५. वकील टप्प्याटप्प्याने काय करतो

पहिला टप्पा म्हणजे कागद गोळा करणे. बेणे निरोगी नसेल तर पुढे कितीही खत घाला, उतारा पडत नाही. दाव्यात कागदपत्रांचे तेच आहे. दवाखान्यातली पहिली नोंद, पोलीस जबाब, पंचनामा, मृत्यू झाला असेल तर शवविच्छेदन अहवाल, वयाचा पुरावा, तोडणीचा करार, उचलीची नोंद, तोडणीच्या आणि वजनकाट्याच्या पावत्या, पगारपत्रक, वाहनाचे विमापत्र. दवाखान्यात पहिल्याच वेळी "घरात पडला" असे लिहून घेतले तर पुढे तो दावा उभा करणे फार कठीण जाते. म्हणून इजा कुठे आणि काय करताना झाली, ते पहिल्याच कागदावर खरे लिहून घ्यावे.

दुसरा टप्पा नोटिशीचा. मालकाला अपघाताची लेखी सूचना द्यायची. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते. महिनाभरात दिली नाही तर जुन्या कायद्याने १२ टक्के व्याज आणि योग्य कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड लागतो.

तिसरा टप्पा अर्जाचा. तो अपघातापासून दोन वर्षांच्या आत करावा. अर्ज अपघात झाला तिथे, मालकाचे नोंदणीकृत कार्यालय आहे तिथे, किंवा अर्जदार राहतो तिथेही करता येतो. बीड जिल्ह्यातल्या टोळीतला माणूस कोल्हापूर भागात मयत झाला तर त्याच्या विधवेला तारखांसाठी कोल्हापूरच्या फेऱ्या माराव्या लागू नयेत, हा याचा फायदा.

पुढे मालकाची कैफियत, साक्षी, डॉक्टरची तपासणी, उलटतपासणी आणि निकाल. मृत्यूची भरपाई मालकाने प्राधिकाऱ्याकडेच जमा करायची असते आणि वारसांत वाटणीही तेच करतात. सज्ञान नसलेल्या मुलांचा वाटा त्यांच्या नावे सुरक्षित ठेवता येतो. अपील उच्च न्यायालयात होते, पण मालकाला अपील करायचे तर आधी रक्कम जमा करावी लागते.

६. रस्त्यावरचा अपघात

ट्रॅक्टर-ट्रॉली, बैलगाडी आणि रात्रीचा रस्ता हे आपल्या हंगामातले सर्वांत मोठे संकट. कामावरचा माणूस वाहन अपघातात सापडला तर दोन वाटा असतात. एक कामगार भरपाईची, दुसरी मोटार अपघात न्यायाधिकरणाची. दोन्हींकडून पैसे घेता येत नाहीत, एकच निवडावी लागते. कामगार भरपाईत कोणाची चूक हे सिद्ध करावे लागत नाही, पण रक्कम तक्त्यापुरती मिळते. न्यायाधिकरणात चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, पण रकमेला तशी मर्यादा नाही. मयताची कमाई चांगली असेल आणि चूक स्पष्ट असेल तर दुसरी वाट बरी. चूक त्याचीच असेल तर पहिली. हा सल्ला नीट मिळाला तरच वकिलाचा खरा उपयोग. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने न्यायाधिकरणाच्या दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली, ती १ एप्रिल २०२२ पासून लागू आहे. म्हणून तेराव्यानंतर "बघू पुढच्या वर्षी" असे म्हणू नये.

विमा कंपनीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : विमा शेतीकामाचा, मग भाड्याने ऊस वाहतूक कशी? ट्रॉलीचा वेगळा विमा आहे का? मडगार्डवर बसलेला माणूस कोण? वाहनधारक सभासदांनी हे प्रश्न अपघातानंतर ऐकण्यापेक्षा हंगामाआधीच विचारून घ्यावेत.

७. मिटवामिटवी आणि उचल

कायद्याने मिळणारा हक्क सोडून देण्याचा करार रद्दबातल समजला जातो. "मला काही नको" असे शंभर रुपयांच्या स्टँपवर लिहून घेतले तरी त्याला किंमत नाही. तडजोड करायची असेल तर ती प्राधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते, आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मयताच्या घरच्यांना परस्पर पैसे दिले तर ते भरपाईत धरले जात नाहीत. अपवाद फक्त मर्यादित आगाऊ रकमेचा. म्हणजे गुपचूप मिटवणारा मालकही दोनदा पैसे भरण्याची पाळी स्वतःवर आणतो.

आणखी एक गोष्ट टोळ्यांपर्यंत पोचली पाहिजे. भरपाईच्या रकमेवर जप्ती येत नाही, ती गहाण टाकता येत नाही, आणि कोणतेही येणे तिच्यातून वळते करता येत नाही. मयताच्या अंगावरची उचल त्याच्या विधवेच्या भरपाईतून कापून घेणे कायद्याला मान्य नाही.

८. वकिलाची फी

अमेरिकेत अशा दाव्यांत वकील मिळालेल्या रकमेतून टक्केवारी घेतो आणि ते तिथे कायदेशीर आहे. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवण्यास आणि मिळालेल्या रकमेत वाटा घेण्यास वकिलांना मनाई आहे. तेव्हा दवाखान्याच्या दारात गाठून "निम्मे तुमचे, निम्मे आमचे" म्हणणाऱ्या दलालापासून सावध राहावे. फी आधी ठरवावी, पावती घ्यावी, कोऱ्या कागदावर आणि कोऱ्या धनादेशावर सही करू नये, पैसे थेट आपल्या खात्यात जमा होतात ना ते पाहावे.

फी परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिला, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग व्यक्ती, औद्योगिक कामगार आणि कमी उत्पन्नाचे लोक यांना सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधवा भगिनींनी हे विशेष ध्यानात ठेवावे. त्यांना उत्पन्नाचीही अट नाही.

९. हंगामाआधी करावयाच्या गोष्टी

(अ) ट्रॅक्टरधारकांनी चालक आणि मजुरांची जोखीम धरणारा विमा जादा हप्ता भरून घ्यावा. कंपनी भरपाई आणि व्याज भरते, पण दंड मालकालाच भरावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ सालीच सांगितले आहे. वरच्या उदाहरणातल्या १२,४७,८८० रुपयांवर १२ टक्क्यांनी वर्षाचे व्याजच सुमारे १,४९,७४६ रुपये होते. ताणून धरण्यात मालकाचेही हित नाही.

(आ) गड्याचे नाव, वय आणि पगार वहीत लिहून महिन्याला सही घ्यावी. हा कागद दोघांनाही वाचवतो.

(इ) ट्रॉलीला आणि बैलगाडीला मागे रिफ्लेक्टर लावावेत. फवारणीला मोजे आणि तोंडाला फडके सक्तीने द्यावे.

(ई) शेतकरी स्वतः अपघातात सापडला तर त्याला गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृत्यूस २ लाख रुपये मिळतात. अर्ज ३० दिवसांत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यावा. ही सरकारी मदत आहे. मालकाकडून मिळणाऱ्या भरपाईला ती पर्याय नाही.

(उ) अपघात झाल्यास त्याच दिवशी गट कार्यालयात कळवावे. तोडणीच्या आणि वजनाच्या नोंदींची नक्कल मागून घ्यावी.

आपल्या उसाला पंधरा दिवसांनी का होईना पाणी देता येते. पण कर्ता माणूस गेलेल्या घराला उशिरा आलेला पैसा फारसा उपयोगी पडत नाही. तेव्हा हा अंक घरातल्या महिलांना वाचून दाखवावा आणि आपल्या फडात उतरलेल्या टोळीच्या मुकादमालाही वाचायला द्यावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी